घरचे धान्य, घरचे जेवण : भाकरीच्या जोडीचा विचार

शेतकऱ्याच्या घरी ज्वारीची थप्पी लागली म्हणजे वर्षाची काळजी मिटली, असे आपल्या परभणी भागात पूर्वापार मानितात. पोट भरण्यापुरते हे खरेही आहे. परंतु पोट भरणे व अन्न अंगी लागणे या दोन निराळ्या गोष्टी होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, व पाच वर्षांखालील बालकांपैकी सुमारे दोन तृतीयांश, रक्तक्षयाने पीडित आढळली. सुखवस्तू घरेही यातून सुटलेली नाहीत. तेव्हा ज्यांच्या घरी धान्याला तोटा नाही, अशांनी तरी आपल्या ताटाकडे एकवार डोळसपणे पाहावयास हवे. म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडीत आहो.

गेल्या काही दशकांत आपल्या जिल्ह्याचा पीकपेरा पालटला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, तसे त्याखालील भागांत ऊस व गहू वाढला. आणि पुढे सोयाबीनने खरीप ज्वारीची जागा घेतली. पूर्वी एकाच वावरात ज्वारीबरोबर तुरीची तासे असत, कडेने अंबाडी असे, थोडे कारळे, थोडे जवस असे. सातबाऱ्यावरील पिकांच्या रकान्यात ही किरकोळ नावे ज्या मानाने कमी होत गेली, त्याच मानाने ती चुलीवरूनही नाहीशी झाली. भाकरी राहिली, पण तिची जोडी तुटली. आमच्या मते सध्याच्या आहारातील मुख्य दोष हाच होय.

ज्वारीचे गुण व उणीव

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या देशातील अन्नपदार्थांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, तितकाच चोथा व ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. गव्हाची प्रथिनेही जवळपास इतकीच. बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमहून अधिक असते. सारांश, आपली ज्वारी गव्हापुढे उणी नाही. ती खाणे कमीपणाचे, ही समजूत सोडून द्यावी.

मात्र ज्वारी एकटी पुरी पडत नाही. शरीरास लागणारे लायसिन नावाचे प्रथिनघटक तिच्यात फार थोडे असते. ते डाळीत भरपूर असते. उलट डाळीत जे घटक कमी, ते ज्वारीत पुरेसे असतात. दोन्ही एका ताटात आली म्हणजे एकीची उणीव दुसरी भरून काढते. दख्खनमध्ये जी गरीब माणसे डाळ व दूध यांवाचून केवळ ज्वारीवर राहत, त्यांच्यात पूर्वी पेलाग्रा नावाचा रोग आढळे. उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेची, हातापायांची कातडी काळवंडून खरखरीत होणे, जीभ लाल होणे, हगवण व मनाची उदासीनता ही त्याची लक्षणे. डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतील ल्युसिन या घटकाचे आधिक्य हे त्याचे कारण असावे, असे मांडले. या कारणाविषयी पुढे मतभेद झाले. पण मिश्र आहार घेणाऱ्यास हा रोग सहसा होत नाही, याविषयी मतभेद नाही.

किती डाळ ठेवावी

तीन भाग धान्यास एक भाग डाळ, हे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. लहानमोठ्या पाच माणसांच्या घरी रोज दीड किलो पीठ लागते असे धरले, तर अर्धा किलो डाळ किंवा कडधान्य लागेल. वर्षाचा हिशेब केल्यास ज्वारी साडेपाच क्विंटल व डाळी-कडधान्ये मिळून सुमारे १ क्विंटल ८० किलो होतात. पुष्कळ घरी ज्वारी या मानाने ठेवितात, पण तूर व हरभरा मळणी होताच मोंढ्यावर जातो आणि मग पावशेर डाळ किराणा दुकानातून चढ्या भावाने येते. साहजिकच वरण पातळ होते. म्हणून मोंढ्याची गाडी भरण्यापूर्वी घरची तूर, मूग, हरभरा, मटकी मोजून बाजूस काढावी. हा खर्च नव्हे, बेगमी होय.

सोयाबीनही प्रथिनांनी समृद्ध आहे. परंतु ते कच्चे दळून कधीही वापरू नये. कच्च्या दाण्यात पचनास विरोध करणारा अंश असतो. दाणे उकळत्या पाण्यात चांगले शिजवून, वाळवून मग दळावे व दहा भाग ज्वारीच्या पिठास एक भाग मिसळावे.

पीठ, भाकरी व कण्या

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवट चिकटपणा नसतो. म्हणून पीठ ताजे असावे. फार दिवसांच्या पिठाची विरी जाते व भाकरी थापताना कडा फाटतात. अशा वेळी पिठात कढत पाणी घालून मळल्यास त्यातील पिष्ट फुलते व पीठ धरते. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते. ते आठवड्यापुरतेच दळावे. पीठ फार बारीक चाळून कोंडा टाकू नये, कारण लोह व चोथा यांचा मोठा भाग कोंड्याबरोबर जातो.

रोज भाकरीच हवी असे नाही. ज्वारी जाडसर भरडून ताकात शिजविलेल्या कण्या लहान मुलांस व वृद्धांस सोसतात. उन्हाळ्यात रात्री ज्वारीचे पीठ ताकात भिजवून ठेवावे, सकाळी आंबल्यावर पाणी, मीठ, जिरे व लसूण घालून शिजवावे, म्हणजे आंबील होते. आंबविल्याने, तसेच कडधान्यास मोड आणल्याने, धान्यातील फायटेट नावाचे द्रव्य कमी होते व अडकून राहिलेले लोह शरीरास अधिक मिळते. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येस वावरात आंबील, भज्जी व उंडे यांचे जेवण होते. त्या एका पंगतीत धान्य, कडधान्य, पाला व आंबट यांचा मेळ आपोआप साधतो.

आपल्या घरची अंबाडीची भाजी हा तर असाच उत्तम नमुना होय. पाला उकडून घ्यावा, फार आंबट असल्यास थोडे पाणी काढावे, त्यात शिजविलेली तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या घालून घोटावे आणि वरून लसणाची खमंग फोडणी द्यावी. रसायनशास्त्राचे नावही न ऐकलेल्या आपल्या आज्यांनी एका गाडग्यात धान्य, डाळ व पाला एकत्र आणला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. हिवाळ्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून वाळवून ठेवावेत. ते चैत्र-वैशाखात पाल्याची टंचाई पडते तेव्हा उपयोगी येतात. करडईची कोवळी पाने, मेथी, शेवगा ही भाजी बहुधा विकत घ्यावी लागत नाही. जेवणात लिंबू, कैरी किंवा आवळा असल्यास धान्यातील लोह अधिक मिळते. उलट जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी मिळते. म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

काळी पडलेली ज्वारी

काढणीच्या वेळी पाऊस लागला म्हणजे खरीप ज्वारीचे कणीस काळे पडते. असा माल बाजारात उठत नाही म्हणून तो घरी खाण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती घातक होय. १९९५ साली दख्खनच्या काही गावांत पावसाने भिजून बुरसटलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटदुखी व हगवण यांची साथ उद्भवली. बुरशीपासून उत्पन्न होणारे फ्युमोनिसिन हे विष त्यास कारण ठरले. भाजल्याने वा शिजविल्याने असे विष पुरते जाईल, या भरवशावर राहू नये. चांगला दाणा विकावा व काळा घरी ठेवावा, हा व्यवहार उलटा करावा.

वाणाची निवड

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ सालापासून आपल्या दाराशी आहे. रब्बीसाठी त्याचे परभणी मोती, परभणी सुपर मोती हे वाण वाचकांस ठाऊक आहेतच. २०१८ साली या विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय संस्था इक्रिसॅट हिच्या साहाय्याने परभणी शक्ती हा वाण दिला. साध्या ज्वारीच्या एका किलोत लोह ३० व जस्त २० मिलिग्रॅमच्या सुमारास असते, तर यात अनुक्रमे सुमारे ४५ व ३२ असते. विक्रीसाठी वाण कोणताही असो, घरखाण्याच्या दोन-चार गुंठ्यांत असा वाण पेरून पाहण्यास हरकत नसावी.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. आपल्या घरांत पुरुष व मुले आधी जेवतात आणि बाया मागाहून. तोवर भाजी तळाशी गेलेली असते, वरण संपलेले असते, व उरलेली भाकरी चटणीशी खाल्ली जाते. ज्या घरातून पोत्यांनी तूर मोंढ्यावर जाते, त्या घरची सून डाळीवाचून राहावी, हे शोभणारे नाही. घरधन्याने यापुढे वरण-भाजीचे वाटे आधीच सारखे करावयास सांगावे व शक्य तेथे पंगत एकत्र बसवावी. यास ना पैसा लागतो, ना सरकारी योजना. येत्या पेरणीस ज्वारीत तुरीची चार तासे, कडेस अंबाडीची ओळ आणि मळणीस घरची डाळ मोजून ठेवणे, एवढे प्रत्येक वाचकाने केले तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.