तेल महागलं म्हणून भरून ठेवायचं? आधी हिशेब करू

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून देतोय. थोडी काटछाट केली आहे.

फॅमिली ग्रुपवर ‘तेल महागणार, भरून ठेवा’ असा मेसेज आला की आपण लगेच ॲप उघडतो आणि कार्टमध्ये सहा पाकिटं टाकतो. पण बातमी आपल्यापर्यंत पोचेपर्यंत भाव बहुतेक वेळा चढलेला असतो. १४ सप्टेंबर २०२४ चंच बघा. केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे ऐन सणासुदीत तेल कडाडलं. (तेव्हा इकडे सोयाबीन ४,८९२ रुपये हमीभावाच्या खाली विकलं जात होतं, हेही लक्षात असू द्या. आपल्या मराठवाड्यात एकाच घरात तेल महाग म्हणून कुरकुर असते आणि सोयाबीन स्वस्त म्हणूनही.) पुढे ३० मे २०२५ ला तेच शुल्क १० टक्क्यांवर आणलं. जो भाव एका अधिसूचनेवर हलतो, त्याचा अंदाज बांधून वर्षाचं तेल भरण्यात अर्थ नाही. शिवाय तेल जुनं झालं की खवट होतं. महिना-दीड महिन्याचं घरात असलं की पुरे.

धान्याचं गणित वेगळं आहे. आपल्या आज्या वर्षाचं धान्य भरायच्या ते बातमी ऐकून नाही, हंगाम बघून. रब्बी ज्वारी आणि गहू उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येतात, तूर जानेवारीच्या आसपास. आवक भरपूर असते, माल ताजा असतो आणि वाळवायला मे महिन्याचं ऊनही फुकट मिळतं. जाधववाडीला किंवा मोंढ्यात जाऊन भाव विचारायचा तर तेव्हा.

आता आकडे. चार माणसांच्या घरात महिन्याला ३ किलो तूरडाळ धरली, तर वर्षाची ३६ किलो. हंगामात किलोमागे २० रुपये वाचले, असं समजू. म्हणजे वर्षाचे ७२० रुपये, महिन्याला ६०. बस, एवढंच! त्यातली पाच किलो किडली आणि डाळ १३० रुपये किलो असली, तर ६५० तिथेच गेले. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर घेतली असेल तर विषयच संपला.

भाव उलटाही फिरतो. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ २०० रुपयांच्या आसपास गेली होती. पुढच्या हंगामात तूर एवढी पिकली की २०१७ च्या सुरुवातीला ५,०५० च्या हमीभावासाठी खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. दोनशेच्या भावाने कणगी भरणाऱ्याचं काय झालं असेल?

भरायचंच असेल तर गव्हापासून सुरुवात करा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. दबला तर ओल आहे, घेऊ नका. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्यावर किंवा २५ किलोपेक्षा मोठ्या कट्ट्यावर तो नाही, म्हणून दोन-तीन मित्रांनी मिळून ३० किलोचा कट्टा घेणं परवडतं. अख्ख्या मुगाला, चवळीला भुंगा लवकर लागतो, डाळीला त्या मानाने कमी. रवा, मैदा, पीठ आणि शेंगदाणे मात्र महिन्यापुरतेच आणा. पाकिटं घेताना नुसती किंमत बघू नका, वजन वाचा. शेजारीशेजारी ठेवलेली तेलाची दोन पाकिटं सारखीच दिसतात. एकात ९१० ग्रॅम असतं, दुसऱ्यात ८५०.

आणि हो, हे सगळं महिन्याचा पगार एकरकमी हातात येणाऱ्यांचं गणित आहे. रोजंदारीवर रोज पावशेर डाळ घेणाऱ्याला हंगामाचा भाव मिळतच नाही. किलोमागे सगळ्यात जास्त पैसे बहुतेक तोच मोजतो.

तुमच्याकडे डाळीला एरंडेल चोळतात, कडुनिंबाचा पाला घालतात की आणखी काही करतात? आईला विचारून व्हॉइस नोट पाठवा.