शिध्याच्या तांदळातील निराळे दाणे
ज्या जालना जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या ज्वारीची भाकरी हेच मुख्य अन्न होते, तेथील मंठा-परतूरकडच्या भूमिहीन मजुराच्या घरी आज रास्त भाव दुकानातील गहू-तांदळाचाच मोठा आधार असतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील दर इसमास दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. हा आधार मोलाचाच. तथापि दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य म्हणजे जेमतेम पावणेसहाशे कॅलरी, आणि अंगमेहनत करणाऱ्याची गरज तर दोन हजारांहून अधिक. शिवाय तृणधान्यांतील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल अपुरे असते. ते डाळीतून भरून निघते, पण डाळ विकत घ्यावी लागते.

या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळलेले, किंचित निराळ्या रंगाचे दाणे सुपात दिसताच ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून कित्येक गृहिणी ते वेचून टाकतात. वस्तुतः तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून, ते मिश्रण यंत्रातून दाबून त्याला दाण्याचा आकार दिलेला असतो. म्हणजे रक्तक्षयावरील उपायच उकिरड्यावर जातो. हे समजावून सांगणे दुकानदाराचे व पुरवठा खात्याचे कर्तव्य आहे, असे मला तळमळीने वाटते. (थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे.) भाताची पेज फेकू नये, जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणालगत चहा टाळावा, कारण चहाने लोहाचे शोषण घटते.