तोंडांतील विषाणू आणि घरांतील ताट

ताप उतरतां उतरतां ओठाच्या कडेस बारीक, पाणीदार फोड उठतात, हा अनुभव जळगांव-धुळ्याकडील कोणत्या घरास नाहीं? ‘उष्णता झाली’ असें म्हणून वडीलधारीं माणसें त्यांवर तूप लावतात आणि आठ-दहा दिवसांत फोड सुकतात. या फोडांचें मूळ मात्र उष्णतेंत नसून ‘हर्पीस सिंप्लेक्स’ नांवाच्या विषाणूंत आहे. तो बहुधा बालपणींच शरीरांत शिरतो, चेहऱ्याच्या ज्ञानतंतूच्या गांठींत जन्मभर दडून राहतो आणि प्रतिकारशक्ति ढिली पडली म्हणजे डोकें वर काढतो.

एच्.आय्.व्ही. नेमका या प्रतिकारशक्तीवरच घाला घालतो. रक्तांतील सी.डी. ४ पेशी एका घनमिलिमीटरास २०० च्या खालीं गेल्या कीं दडलेल्या विषाणूस रान मोकळें होतें. फोड टाळू, हिरड्या व जीभ यांवर पसरतात. त्यांचीं क्षतें लवकर भरत नाहींत. भरीत-भाकरीचा घास तोंडांत धरवेनासा होतो आणि रोगी आणखी खंगतो. असें क्षत महिन्याहून अधिक टिकल्यास जागतिक आरोग्य संघटना तें एच्.आय्.व्ही.च्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेचें लक्षण मानते.

याच कुळांतील कांजिण्यांचा विषाणू पुढें नागीण होऊन उठतो. तोंडांत ती बहुधा टाळूच्या एकाच बाजूस दिसते व मध्यरेषेवर थांबते, कारण ती एका ज्ञानतंतूची वाट धरून चालते. नागिणीचें तोंड शेपटीस मिळालें कीं मृत्यु, ही समजूत निराधार होय. तिसरा एप्स्टीन-बार विषाणू जिभेच्या कडांवर पांढरे पट्टे उमटवतो. बुरशीचा थर बहुधा पुसतां येतो. हे पट्टे पुसले जात नाहींत.

असायक्लोव्हिर या औषधानें हर्पीसचे फोड आटोक्यांत येतात. पण ढासळलेली प्रतिकारशक्ति सांवरतात तीं एच्.आय्.व्ही.वरील औषधें. भारतांत तीं १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळूं लागलीं. २०१७ पासून पेशींची संख्या कितीहि असली तरी दिलीं जातात. जळगांव व धुळें येथील शासकीय रुग्णालयांत तपासणीची सोय आहे, आणि रोग्याची माहिती गुप्त राखण्याचें बंधन २०१७ च्या कायद्यानें घातलें आहे.

तोंडांतील प्रत्येक फोड एच्.आय्.व्ही.चा नव्हे. तथापि दोन-तीन आठवड्यांत न भरणारें क्षत दाखविलेंच पाहिजे; तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतींत तें कर्करोगाचेंहि असूं शकतें.

शेवटीं घरांतील माणसांविषयीं. एका ताटांत जेवल्यानें एच्.आय्.व्ही. लागत नाहीं, म्हणून रोग्याचें ताट वेगळें मांडणें हा निव्वळ अन्याय होय. हर्पीस मात्र स्पर्शानें लागतो. ओठावर फोड असतां तान्ह्या बाळाचा मुका घेऊं नये. आणि हा नियम रोग्याइतकाच घरांतील निरोगी आजोबांनाहि लागू आहे.