गॅस गिझर किती लिटरचा घ्यावा?

थंडीचे दिवस जवळ आले, की गॅस गिझरची चौकशी सुरू होते. दुकानात ग्राहकाला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘किती लिटरचा हवा?’ विजेच्या साठवण गिझरची सवय असलेल्यांचा येथेच घोटाळा होतो. विजेच्या गिझरवरील ‘१५ लिटर’ म्हणजे त्याच्या टाकीत मावणारे पाणी. गॅस गिझरला टाकी नसते. नळीतून वाहतानाच पाणी तापते. त्यामुळे त्यावरील ‘६ लिटर’ याचा अर्थ दर मिनिटाला मिळणारे सहा लिटर गरम पाणी.

हा आकडाही हवामानानुसार बदलतो. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढेल, असे गृहीत धरून तो सहसा दिलेला असतो. नळाचे पाणी १५ अंश असेल, तर ते ४० अंशांवर, म्हणजे आंघोळीजोगे होते. मुंबईत नळाचे पाणी इतके गार नसते. तेथे २० अंशांची वाढ पुरेशी धरली, तर तोच गिझर मिनिटाला साडेसात लिटर पाणी तापवू शकतो. नाशिक-पुण्याच्या कडाक्याच्या पहाटे ३० अंशांची वाढ हवी असेल, तर मात्र तो पाच लिटरवर येतो.

गरज किती?

वीस लिटरची बादली भरण्यास सहा लिटरच्या गिझरला साडेतीन मिनिटेही लागत नाहीत. बादलीने, एकामागून एक आंघोळ करणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला तो पुरतो. एकाच वेळी दोन न्हाणीघरांत गरम पाणी हवे असेल, किंवा मोठ्या प्रवाहाचा शॉवर असेल, तरच दहा लिटरचा विचार करावा.

मोठा गिझर म्हणजे मोठी ज्योत

‘घेतोच आहोत, तर मोठा घेऊ’ हा विचार येथे धोक्याचा ठरतो. सहा लिटरचा गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला सुमारे एक किलो एलपीजी जळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यास बारा-तेरा घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात जेमतेम आठ घनमीटर हवा असते. दारे-खिडक्या बंद असताना गिझर आत दहा मिनिटे चालला, तर त्यातील सुमारे पाव हिस्सा हवा ज्योतीलाच लागते. दहा लिटरच्या गिझरला जवळपास निम्मी.

प्राणवायू कमी पडला, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, भोवळ येते आणि कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. हिवाळ्यात न्हाणीघरातील मृत्यूंच्या बातम्या येतात, त्यांतील अनेकांमागे हेच कारण असते.

म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवावा व आत केवळ गरम पाण्याची नळी आणावी. धूर बाहेर नेणारी नळी कोठेही तुटलेली नसावी. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली, काजळी धरू लागली, तर गिझर बंद करून तंत्रज्ञास बोलवावे. जुना गिझर आतच बसवलेला असेल, तर तो बाहेर हलवेपर्यंत वापरू नये.

खरेदीपूर्वी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. सिलिंडरवर चालणारा गिझर पाइप गॅसवर तसाच जोडता येत नाही. दोन्ही वायूंचा दाब आणि उष्णता वेगळी असते. दुसरे म्हणजे पाण्याचा दाब. छतावरील टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तो कमी असतो आणि पुरेशा दाबाविना गिझर पेटतच नाही. अशा घरात मोठा गिझर घेतल्याने काही साधत नाही.

लिटरचा आकडा ठरवण्याआधी घरात गिझरसाठी मोकळ्या हवेची जागा आहे का, हे पाहावे. ती नसेल, तर गॅस गिझरचा नाद सोडून विजेचा गिझर घेणेच शहाणपणाचे.