फॉर्म चौदा, प्रती पाचशे

आत्याच्या साताऱ्याच्या घरात माळ्यावर पुस्तकांचे गठ्ठे होते. १९८८ साली तिनं स्वतःचे पैसे घालून कथासंग्रह छापला होता, हजार प्रती. सुट्टीत गेलं की तो माळा झाडायचं काम आम्हा मुलांकडे असे. एका वर्षी वाळवी लागली आणि तळातले गठ्ठे पोकळ निघाले. वरचं वेष्टन शाबूत, आत माती. आत्या काही बोलली नाही. अंगणात बसून तिनं एकेक प्रत उलगडून पाहिली आणि वाचण्याजोग्या बाजूला काढल्या.

म्हणून माझी कादंबरी स्वतः छापायची ठरल्यावर मी आधी दोनशे पानी वही घेतली. तिच्यात पैशांचे आकडे नंतर आले, आधी नावं आली. हे पुस्तक पैसे देऊन घेईल आणि वाचेल, असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल अशी माणसं. लग्नाला बोलवायच्या यादीपेक्षा ही यादी फार वेगळी निघते. माझी २४० नावांवर थांबली. ओळखीची दोन दुकानं, चार-पाच वाचनकट्टे आणि काही ग्रंथालयं धरून अंदाज गेला चारशेपर्यंत.

नऱ्ह्यातल्या छापखान्याचे मालक मात्र म्हणाले, "ताई, हजार काढा. प्लेटा त्याच, मशीन तेच. प्रत केवढी स्वस्त पडते बघा." हिशेब त्यांचा खरा होता. पाचशे काढल्या तर सगळा खर्च धरून प्रत १७० रुपयांना पडत होती, हजार काढल्या तर ११३ला. पण न विकलेली प्रत ११३ला पडली काय आणि १७०ला काय, ती माळ्यावरच जाते. मी पाचशेवर ठाम राहिले.

छापखान्यात पुस्तक पानांत मोजत नाहीत, फॉर्ममध्ये मोजतात. सोळा पानांचा एक फॉर्म. माझी जुळणी झाली तेव्हा पानं भरली २२९. चौदा फॉर्म म्हणजे २२४. वरच्या पाच पानांसाठी पंधरावा फॉर्म घ्यावा लागला असता. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावरच सुरू व्हावं हा हट्ट मी सोडला आणि पाच पानं तिथंच वाचली. कागद किलोवर मिळतो. २३ बाय ३६ इंची, ७० जीएसएमच्या नॅचरल शेडचं रीम साधारण पावणेएकोणीस किलो भरतं. चौदा फॉर्म, पाचशे प्रती, म्हणजे सात रीमं; नासधुशीला अर्धं. १४० किलो, ९० रुपयांनी १२,६००. प्लेटा आणि छपाई फॉर्मला ११०० प्रमाणे १५,४००. मुखपृष्ठाची छपाई आणि मॅट लॅमिनेशन ६,५००. बांधणी प्रतीला १४ रुपये, त्यात दोऱ्याची शिलाई. नुसतं चिकटवून चार रुपये वाचले असते, पण ग्रंथालयातली प्रत वीस हातांतून जाते. पानं सुटलेलं पुस्तक मला कुणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

ही सगळी बेरीज ४१,५००. मशीन सुरू होण्याआधीचा खर्च याहून जास्त निघाला: संपादन २०,०००, मुखपृष्ठाचं चित्र १०,०००, अक्षरजुळणी पानाला ३५ रुपयांनी ७,८४०, मुद्रितशोधन ५,६००. एकूण ४३,४४०. प्रती शंभर काढा नाहीतर हजार, या रकमेत एका रुपयाचाही फरक पडत नाही. आणि नवा लेखक कात्री लावतो ती नेमकी इथं. "संपादक कशाला, मित्रानं वाचलंय की," हे मी कितीदा ऐकलं. माझ्या संपादक बाईंनी ७१,००० शब्दांतले ९,००० काढले. त्यात नायिकेच्या माहेरचं एक अख्खं प्रकरण गेलं, दोन रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी ते प्रकरण वगळून कादंबरी वाचली आणि गेलेलं जाणवलंच नाही. नऊ हजार शब्द म्हणजे बत्तीस पानं, दोन फॉर्म. कागद, छपाई, जुळणी, शोधन धरून ५,९२० रुपये तिथं वाचले.

मुद्रितं तपासताना कळलं की मजकूर युनिकोडमधून जुळणीच्या फाँटमध्ये नेला की काही अक्षरं मोडतात. सगळ्यात आधी मोडतात ते 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'. 'दुसऱ्या'चं थेट 'दुसर्या', 'तऱ्हा'ची 'तर्हा', 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. कादंबरीभर वारा वाहतोय, त्यामुळे हे फार सलायचं. मुद्रितशोधक काका फूटपट्टी ओळीखाली धरून, ओठ हलवत वाचायचे. दुसऱ्या वाचनात ते शेवटच्या पानापासून मागे येत. सरळ वाचलं की गोष्ट ओढून नेते आणि अक्षर निसटतं, हे त्यांचं कारण. तरीही छापून आल्यावर पान १३७वर एक अवतरणचिन्ह उलटं निघालंच.

आयएसबीएन नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या धावपळीचे. अर्ज मात्र लवकर करावा, आकडा आल्याशिवाय मागचं मुखपृष्ठ पुरं होत नाही.

किमतीपाशी मी चुकत होते. एकूण खर्च ८४,९४० भागिले पाचशे करून मी १७० धरले होते. पण पाचशे विकायच्या नसतातच. १९५४च्या कायद्याप्रमाणे चार प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायच्या; शिवाय परीक्षणाला, पुरस्कारांना, ज्यांना दिल्याशिवाय राहवत नाही त्यांना. या चाळीस धरा. ४६०नी भागलं की प्रत १८५ला जाते. वितरकानं पन्नास टक्के मागितले. छापील किंमत ३००, तर हाती दीडशे, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे पस्तीस रुपये खिशातून. ३५० केली तरी १७५च. म्हणून वितरकाकडे साठच प्रती द्यायच्या आणि बाकी वाचकांना थेट, असं ठरलं. छापील किंमत ३५०, प्रकाशनपूर्व २५०, टपालखर्च वेगळा.

प्रकाशनपूर्व सवलत ही आपल्याकडची जुनी वाट आहे. ज्ञानकोशकार केतकरांनी एवढं अवाढव्य काम उभं केलं ते कंपनी काढून आणि वर्गणीदार मिळवून. माझा आकडा छोटा होता: १६६. एवढ्यांनी २५० रुपये दिले की छापखान्याचं पूर्ण बिल निघतं. तोवर फाइल छापायला द्यायची नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. नाहीच जमलं तर पन्नास-पन्नास प्रती डिजिटलवर काढायच्या, प्रतीला १३० रुपये. ३१९ प्रतींपर्यंत तेच स्वस्त पडतं. दोन महिने रोज संध्याकाळी पाच जणांना फोन केले. यादीतल्या ज्यांच्यावर भरवसा होता त्यांतले निम्मे गप्प राहिले आणि कधी न भेटलेल्या एका शिक्षिकेनं शाळेसाठी आठ प्रती नोंदवल्या. आकडा १७१वर गेला त्या रात्री मी फाइल पाठवली.

गठ्ठे घरी आले तेव्हा वजन सव्वाशे किलोच्या वर होतं. ते भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचले. आजची वही सांगते: प्रकाशनपूर्व १७१, वाचनकट्ट्यांवर ३०० रुपयांनी ७०, दुकानांत ४०, वितरकाकडे ६०. जमा ८३,३५०, त्यात वितरकाचे १०,५०० अजून यायचे आहेत. खर्चाला १,५९० कमी पडतात, म्हणजे आणखी सहा प्रती. चार वर्षांच्या लिहिण्याची मजुरी कुठल्याच रकान्यात नाही; तो रकाना मी आखलाच नव्हता.

नोंदणीत पहिलं नाव आत्याचं आहे. भेट म्हणून घ्यायला ती तयार नव्हती, २५० रुपये मोजून दिले. प्रत हातात आल्यावर तिनं पहिलं पान उघडलंच नाही. पुस्तक मधोमध दुमडून पाठीची शिलाई पाहिली, दोऱ्यावरून नख फिरवलं आणि विचारलं, "किती उरल्यात?"

"एकशे एकोणीस."

"माळ्यावर नको ठेवूस," ती म्हणाली.