न्यायाचा तराजू आणि ग्रॅमांचा हिशेब

गुन्हा सारखा तर शिक्षाहि सारखी, हें तत्त्व कोणासहि मान्य व्हावें असेंच आहे. परंतु हा सारखेपणा मोजावयाचा कशानें, हा प्रश्न अमली पदार्थांच्या खटल्यांत फार बिकट होतो. आपल्या देशाच्या 1985 च्या कायद्यानें विक्रीसाठीं हेरॉईन बाळगणारास, वजन कितीहि असो, किमान 10 वर्षांची सक्तमजुरी ठेविली होती. पुढें 2001 सालीं दुरुस्ती होऊन वजनाप्रमाणें तीन पायऱ्या ठरल्या. हेरॉईनपुरतें पाहतां 5 ग्रॅमच्या आंतील वजन अल्प, 250 ग्रॅमच्या वरचें व्यापारी, व उरलेलें मधलें. आज अल्प वजनास फार तर 1 वर्ष, मधल्यास फार तर 10 वर्षें, आणि व्यापारी वजनास 10 पासून 20 वर्षें शिक्षा आहे.

पण तोलावयाचें काय? सराफ सोनें तोलतो, तसा त्याचा कसहि पाहतो. सर्वोच्च न्यायालयानें 2008 सालीं हीच दृष्टि स्वीकारली. चार किलोंहून अधिक भुकटींत शुद्ध हेरॉईन सुमारें 60 ग्रॅमच निघालें, म्हणून आरोपीची शिक्षा 10 वर्षांवरून 6 वर्षांवर आली. परंतु 2009 सालीं सरकारनें संपूर्ण मिश्रणाचें वजन धरण्याची अधिसूचना काढली, आणि 2020 सालीं त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं तीच बाजू उचलून धरली. व्यसनी माणूस घेतो तें मिश्रणच, व घातहि तेंच करतें, हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हे.

तथापि वाचकांनीं थोडें गणित करून पाहावें. एकाजवळ 240 ग्रॅम शुद्ध हेरॉईन आहे. तो मधल्या पायरीवर. दुसऱ्याजवळ 260 ग्रॅम भुकटी आहे, तींत हेरॉईन शेंकडा 2, म्हणजे अवघें 5.2 ग्रॅम, त्यास मात्र किमान 10 वर्षें! तो मालाचा धनी होता, कीं मजुरीसाठीं पिशवी वाहणारा पोरगा होता, हें पाहून त्याखालीं उतरण्याची मुभा न्यायाधीशास नाहीं. उलट मधल्या पायरीवर 6 ग्रॅम व 249 ग्रॅम या दोहोंस कमाल मर्यादा एकच, किमान कांहींच नाहीं. तेथें एका न्यायासनाची शिक्षा दुसऱ्याशीं जुळेल याची हमी कोण देणार?

वजन खुशाल संपूर्ण मिश्रणाचें घ्यावें. परंतु मालाचा कस व आरोपीचा वांटा पाहून शिक्षा कमीजास्त करण्यास कायद्यानें वाव द्यावा, असें आम्हांस वाटतें. दहा वर्षें म्हणजे तरुणाच्या कर्तृत्वाचा ऐन काळ. तो केवळ 20 ग्रॅमच्या फरकानें ठरूं नये.