परदेशातील जुनी मोटार आणि करांचे गणित

सांगलीच्या हळद बाजारातील एक वयोवृद्ध व्यापारी गेली अनेक वर्षे आपल्या पेढीची करविषयक कामे माझ्याकडे सोपवीत आले आहेत. गेल्या दिवाळीनंतर एके सकाळी ते आले, जय जिनेंद्र झाले, आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. इंग्लंडमधील लेस्टर येथे पाच वर्षे नोकरी केलेला त्यांचा धाकटा मुलगा पेढी सांभाळण्यासाठी कायमचा परतणार होता. त्याची तेथील मोटार दोन वर्षांची, जीव लावून जपलेली. ती सोबत आणावी, अशी घरातील सर्वांची इच्छा. कागदावर जहाजाचे भाडे, विमा, बंदरावरील हाताळणी, मुंबईहून सांगलीपर्यंतची वाहतूक अशी कलमे सुवाच्य अक्षरांत मांडलेली होती आणि खाली बेरीज होती.

"एवढ्यात गाडी दारात उभी राहते ना?" त्यांनी विचारले.

त्या कागदावर सरकारचे कलमच नव्हते. "मुलाचीच गाडी, त्याच्याच सामानाबरोबर येणार, मग कर कसला?" हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि तो अनेक घरांत विचारला जातो. परदेशातून कायमचे परतणाऱ्यास घरगुती सामानावर काही सवलती मिळतात, हे खरे. मोटारीला मात्र त्या सवलतीचा आधार नाही. तिच्यावर आयात शुल्क भरावेच लागते.

शुल्काच्याही आधी परवानगीचा प्रश्न येतो. आपल्या देशाने १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने उठविली आणि जुन्या मोटारींनाही दार उघडले. परदेशात वापरून टाकलेल्या गाड्यांचा लोंढा येऊ नये म्हणून दार उघडतानाच उंबरठा मात्र उंच बांधला. तो आजही तसाच आहे.

गाडी उत्पादनाच्या दिनांकापासून तीन वर्षांहून अधिक जुनी चालत नाही. येथे अनेकांची चूक होते. आपण ती कधी विकत घेतली किंवा तिची नोंदणी कधी झाली, याला महत्त्व नसते. कारखान्यातून ती कधी बाहेर पडली, हे पाहिले जाते. सुकाणू उजव्या बाजूस हवे. म्हणजे ब्रिटन, जपान, केनिया, सिंगापूर येथील गाडीचा विचार तरी करता येतो. दुबईतील किंवा हिऱ्यांच्या व्यापारामुळे आपल्या कित्येक कुटुंबांना परिचित असलेल्या अँटवर्पमधील गाडीचा प्रश्न तेथेच मिटतो. वेगमापक किलोमीटरमध्ये आणि पुढचे दिवे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीस योग्य असे हवेत. इंग्लंडमधील गाड्यांचे सुकाणू उजवीकडे असले तरी वेग मैलांत दाखविला जातो, ही बारीक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. याशिवाय गाडी आणखी किमान पाच वर्षे रस्त्यावर धावण्यायोग्य असावी लागते आणि त्या काळात तिच्या देखभालीची सोय भारतात उपलब्ध राहील, अशी हमी द्यावी लागते. जहाजात चढविण्यापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. वापरलेली गाडी केवळ मुंबईच्या बंदरातूनच आत येऊ शकते. उतरल्यावर पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन किंवा अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था यांसारख्या नेमून दिलेल्या संस्थेकडून चाचणी होते, आणि त्यानंतरच सीमाशुल्क विभाग गाडी सोडतो.

हे सर्व ऐकून ते म्हणाले, "हे होईल. त्रास आहे, पण होईल. आकडा सांगा."

आकडा सांगण्यासाठी आधी किंमत ठरवावी लागते. मुलाने ती गाडी तेथे एका परिचिताकडून स्वस्तात घेतली होती. परंतु वापरलेल्या मोटारीचे मूल्य ठरविताना सर्वसाधारणपणे उत्पादनाच्या वर्षीची कंपनीची छापील किंमत पाया म्हणून धरतात आणि तीतून घसारा वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीस ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच आणि पुढे २ टक्के. एकूण वजावट ७० टक्क्यांच्या पुढे जात नाही. यात जहाजभाडे व विमा मिळविला की करयोग्य मूल्य तयार होते. म्हणजे भाडे आणि विमा हा निव्वळ खर्च राहत नाही, त्यावरही शुल्क चढते.

मी त्यांच्याच कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडला. मूळ किंमत रुपयांत सुमारे २० लाख धरली. दोन वर्षांचा घसारा २८ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. उरले १४ लाख ४० हजार. भाडे व विमा १ लाख ६० हजार. करयोग्य मूल्य १६ लाख.

आता शुल्क. येथे वृत्तपत्रांतील मथळ्यांनी बराच घोटाळा केला आहे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या मोटारींवरील मूळ सीमाशुल्क १२५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आले, ही बातमी सर्वांनी वाचली. त्याच अर्थसंकल्पात ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावण्यात आला, हे फार थोड्यांनी वाचले. पूर्वी १२५ टक्के शुल्क आणि त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार मिळून १३७.५ टक्के होत. आता तो अधिभार गेला, आणि ७० व ६७.५ यांची बेरीजही १३७.५ च आहे. नाव बदलले, ओझे तेवढेच राहिले. आमच्या १६ लाखांवर ते २२ लाख झाले. बेरीज ३८ लाख.

या ३८ लाखांवर एकात्मिक वस्तू व सेवा कर. मूळ १६ लाखांवर नव्हे, शुल्क मिळविलेल्या रकमेवर. कराच्या डोक्यावर कर बसतो तो असा. २२ सप्टेंबर २०२५ पासून भरपाई उपकर रद्द होऊन मोठ्या मोटारींसाठी ४० टक्के आणि लहान मोटारींसाठी १८ टक्के दर लागू झाला. लहान म्हणजे चार मीटरपर्यंत लांबी, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घन सेंटीमीटरपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० पर्यंत. मुलाची गाडी मोठी होती. ४० टक्क्यांनी १५ लाख २० हजार झाले. एकंदर ५३ लाख २० हजार, त्यांत सरकारचे ३७ लाख २० हजार. मूल्याच्या २३२ टक्क्यांहून अधिक. महाराष्ट्रात आयात मोटारीवरील २० टक्के दराचा एकरकमी वाहन कर यात अजून धरलेलाच नाही.

बराच वेळ ते त्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग व्यापाऱ्याच्या मनात येणारा स्वाभाविक प्रश्न आला. "गाडी पेढीच्या नावावर आणली तर भरलेला जीएसटी वजा मिळेल की नाही?"

नाही. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या कराचे क्रेडिट केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) ने रोखले आहे. मोटारींची विक्री, प्रवासी वाहतूक किंवा वाहनचालक प्रशिक्षण हाच व्यवसाय असेल तर गोष्ट वेगळी. हळदीच्या पेढीस ते लागू नाही. व्यवसायासाठी वापर असल्यास प्राप्तिकरात घसारा मिळेल, तो वर्षानुवर्षे थोडाथोडा. गाडीची कागदपत्रे अपुरी पडून ती बंदरात अडकली तर विलंबशुल्काचे मीटर सुरू होते, आणि ठरलेले शुल्क वेळेत न भरल्यास वर्षाला १५ टक्क्यांनी व्याजही लागते. त्यातच तीन वर्षांची मर्यादा जवळ आलेली असली, तर जहाजाचा उशीरही महागात पडू शकतो.

ते उठले. आता विषय संपला असे मला वाटले, परंतु आठ दिवसांनी ते पुन्हा आले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात उत्साह होता. एका मध्यस्थाने त्यांना तशाच बनावटीची, आधीच आयात झालेली, दूरच्या एका राज्यात नोंदलेली मोटार अठरा लाखांत देऊ केली होती. तीन लाख बयाणा दोन दिवसांत द्यायचा होता. कोऱ्या चेकवर सही करूनच ते आले होते.

मला येथे थांबून थोडे सांगावेसे वाटते. ज्या गाडीवर रीतसर शुल्क भरून ती पन्नास लाखांच्या पुढे पडते, ती अठरा लाखांत विकणारा तोटा सोसत नसतो. कोणीतरी, कोठेतरी, शुल्क भरलेले नसते. २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन मॉन्टे कार्लो'त परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावाने शुल्कमाफीत आणलेल्या आलिशान गाड्या खाजगी ग्राहकांस विकणारी टोळी उघड केली. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने 'ऑपरेशन नुमखोर' राबवून भूतानमार्गे आल्याचा संशय असलेल्या गाड्या थेट मालकांच्या अंगणातून ताब्यात घेतल्या. त्या मालकांपैकी कित्येकांनी पूर्ण पैसे मोजून, नोंदणीपुस्तक पाहून गाडी घेतली होती. तस्करीचा माल कोणाच्याही हाती असला तरी तो जप्तीस पात्र असतो. नंतरचा खरेदीदार हा आयातदार नव्हे, म्हणून त्याच्याकडून शुल्क मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एका पोर्शे मोटारीच्या प्रकरणात म्हटले आहे. परंतु तो न्याय मिळविण्यासाठी त्या गृहस्थास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

मी त्यांना मध्यस्थाकडून तीन गोष्टी मागविण्यास सांगितले. सीमाशुल्काकडील बिल ऑफ एंट्री, शुल्क भरल्याचे चलन, आणि गाडीवर कोरलेल्या चेसिस क्रमांकाचे छायाचित्र. बिल ऑफ एंट्रीवरील चेसिस क्रमांक, उत्पादनाचे वर्ष आणि आयातदाराचे नाव नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावे, आयातदारापासून विक्रेत्यापर्यंतच्या प्रत्येक हस्तांतराचा कागद असावा, आणि यांतील एकही दुवा तुटला तर बयाणा देऊ नये, एवढेच माझे सांगणे होते. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. समोरचा गृहस्थ आधी म्हणाला, कागद दिल्लीला आहेत; मग म्हणाला, नोंदणी झाली की त्या कागदाची गरज नसते; मग म्हणाला, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे.

काकांनी चेक फाडला नाही. त्यावर आडव्या दोन रेघा ओढून 'रद्द' असे लिहिले आणि तो चेकबुकात परत ठेवला; क्रमांक हिशेबात लागतो ना.

मुलाने लेस्टरमधील गाडी तेथेच विकली. तिचे पैसे आले तेव्हा काकांनी पेढीजवळच्या विक्रेत्याकडून तीन वर्षे वापरलेली भारतीय बनावटीची मोटार घेतली. विक्रेत्याने जीएसटी त्याच्या नफ्याच्या रकमेपुरताच, १८ टक्के दराने भरला होता. बिलाची एक प्रत माझ्याकडे आहे, दुसरी त्यांच्या कपाटात.